दोन्ही काठांवर तुमचा आवाज

हनीफभाऊ,

तुम्हाला मातीआड करून आल्यानंतर पहिल्यांदा बंधाऱ्यातून पाणी सुटलं ते भर दुपारी. मी शेताच्या बांधावर होते. आभाळ कोरं होतं, उन्हाने नदीतली रेती पांढरी पडली होती. ग्रामपंचायतीच्या खांबावरचा भोंगा खरखरला, तुम्ही घसा खाकरलात आणि बोलायला लागलात.

"पानी येऊन राह्यलं हो, पानी येऊन राह्यलं. रेतीवर कोनी राहू नका. जनावरं वर घ्या, लेकरं वर घ्या. वर या."

तुमचा आवाज भरून घेतला तेव्हा ते खाकरणं काढून टाका म्हणून मी तुमच्याशी भांडले होते, आठवतं? "राहू द्या बाई, मानूस बोलून राह्यला असं वाटलं पाह्यजे," असं तुम्ही म्हणाला होतात. त्या दुपारी तसंच वाटलं. खांबाच्या मागे उभे आहात, खाकरून झालं की बाहेर येऊन पानदान मागाल, असं.

मराठी झाल्यावर तेलुगू. आणि तेलुगू सुरू होता होता पल्याडच्या काठावरचा भोंगा वाजला, नेहमीसारखा जरा मागे पडून. इकडून तुम्ही हाक मारत होतात आणि तिकडून तुम्हीच ओ देत होतात. मधल्या कोरड्या पात्रात दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून तिसराच कोणीतरी बोलल्यासारखं होत होतं. तुम्ही होतात तेव्हा याला आम्ही हसायचो. हनीफभाऊ दोन्ही राज्यांचा पगार घेते, म्हणायचो. त्या दुपारी कोणी हसलं नाही. घाटावर भांडी घासणाऱ्या बायांनी पदर डोक्यावर घेतले. मासे धरणारी माणसं जाळी गोळा करून वर आली, पण मागे बघत बघत.

जनाबाई ढिवरीण आली नाही. ती तिच्या डांगरवाडीत होती, रेतीत लावलेल्या टरबुजांच्या वेलांमध्ये. तुमचा आवाज ऐकला तशी ती खाली बसली, पदराने कान झाकले आणि भोंग्याकडे पाठ केली. आम्ही वरून ओरडलो, ती हलेना. शेवटी दोघा जणांनी खाली धावत जाऊन तिला उचलून आणलं. ते काठाला लागतात न लागतात तोच वळणावरून पाणी आलं. तुम्ही ते पाहिलेलं आहे. लाट नसते, गर्जना नसते. आधी रेतीचा रंग बदलतो, खालून घाम फुटल्यासारखी ती काळी पडते. टिटव्या गप्प होतात. मग एक पातळ, मळकी जीभ पुढे सरकते आणि तिच्यामागून सगळी नदी. जनाबाई बसली होती ती जागा आमच्यासमोर दिसेनाशी झाली.

"मेल्या मानसाच्या हाकेले ओ देत नसते," ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "हनीफ त मेला ना? मंग हा कोन बोलावते? काऊन बोलावते?"

मी शाळेत शिकवत होते तेव्हा असल्या बोलण्यावर पोरांना समजावायचे. जनाबाईला समजावलं नाही. माझ्याही मानेवर काटा उभा होता. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या मागे काय काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अहेरीच्या बाजारात तुमचं भोंग्यांचं दुकान. लग्न असो, संदल असो, गणपती असो, आवाज तुमचा. जत्रेत पोर हरवलं की तुम्ही, वाघ दिसला म्हणून जंगलात जाऊ नका सांगायला तुम्हीच. त्या आवाजाचा तुम्हाला केवढा गर्व! थंडीच्या दिवसांत गळ्याला मफलर, गालात ज्येष्ठमध. बोलताना समोरच्याकडे न बघता किंचित वर बघायचात, जणू तुमचा आवाज वरून परत येताना तुम्हाला ऐकायचा असे. आणि एवढा मोठा आवाज असलेला माणूस पाण्याला इतका भ्यायचा, की डोंग्यात बसलात की डोळे मिटून घ्यायचात आणि पल्याडच्या रेतीला डोंगा लागेस्तोवर ओठ हलत राहायचे.

आपली पहिली भेट मात्र बाजारात झाली नाही. ती रेतीवर झाली, माझ्या भावाच्या प्रेतापाशी.

मारोती माझा पाठचा भाऊ. माहेर चिमूरकडचं. तिकडे त्याचं बस्तान बसेना, म्हणून मीच बोलावलं होतं, ये, इकडे नदीत डांगरवाडी लाव. तो आला, सोबत त्याचा जुना मित्र देवराव. नदीच्या पल्याड तेलंगण, हे त्याला माहीत होतं. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. आणि त्या वर्षी प्राणहितेने धार बदलली होती. पूर्वी पल्याडचे लोक जिथे वेल लावायचे ती रेती आता धारेच्या अलीकडे आली होती. ते म्हणायचे आमची, हे म्हणायचे आमची. धार हीच राज्याची सीमा, तर धार सरकली की सीमा सरकते का, यावर वरच्या कचेऱ्यांत कागद फिरत होते. रेतीवर मात्र रोज नुसता आरडाओरडा.

वरच्या अंगाला बंधारा नवा होता. दारं पाडली की आमचं पात्र महिना-महिना कोरडं. उघडली की ऊन पडलेलं असताना पूर. दारं उघडणार, हा निरोप एका राज्याच्या कचेरीतून दुसऱ्या राज्याच्या कचेरीत जायचा, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, तिथून कोतवालाला. निरोप येईस्तोवर पाणी येऊन गेलेलं असायचं. त्या दिवशीही तसंच झालं. देवराव पाणी भरायला वर आला होता म्हणून वाचला.

मारोती खाली वाहत गेला आणि पल्याडच्या काठाला लागला. तिथे आणखी एक भांडण उभं राहिलं. तो मेला आमच्या हद्दीत, सापडला त्यांच्या हद्दीत. इकडचे पोलीस म्हणत पंचनामा तिकडचा, तिकडचे म्हणत इकडचा. दोन्हीकडचे साहेब फोनवर. माझा भाऊ दुपारभर उन्हात रेतीवर पडून, अंगावर कोणाचं तरी धोतर टाकलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन राज्यं. भाषा समजावी म्हणून तुम्हाला अहेरीहून आणलं होतं. तुम्ही डोंग्यातून उतरलात, डोळे उघडलेत आणि पहिलं काम काय केलंत, तर खांद्यावरचा टॉवेल ओला करून मारोतीच्या तोंडावरची रेती पुसलीत. नंतर म्हणालात, "बोला, काय सांगू कोनाले."

देवरावची जबानी तुमच्यासमोर झाली. तो म्हणाला, "पल्याडचे लोक हात उडवून उडवून शिव्या देऊन राह्यले होते. रंडी, रंडी करून. मारोतीभाऊले राग आला. त्यानं दगड उचलला अन् आपल्या काठावर याच्या ऐवजी त्यायच्याकडेच, धारेकडे चालला. मंग पानीच आलं."

तुम्ही देवरावसमोर रेतीवर बसलात. म्हणालात, "अरे बाबा, तेलुगूत रंडि म्हंजे 'या'. पैकि रंडि, वर या. ते त्याले बोलावत होते."

मला तो शब्द माहीत नव्हता असं नाही. इथे नांदायला आले तेव्हापासून बाजारात ऐकत आले. पण मला हेही माहीत होतं, की सकाळपासून त्या रेतीवरून भांडण चालू होतं, आणि पल्याडच्यांनाही आपल्याकडच्या शिव्या चांगल्या ठाऊक आहेत. मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही मिटवायला आलात म्हणून गोड करून सांगता. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही गेलात तरी मिटलेलं नव्हतं. किती वेळा झालं ते! तुम्ही वायर गुंडाळता गुंडाळता सुरू करायचात, "बाई, ते शिव्या नव्हते देत." मी म्हणायचे, "तुम्ही होते का तिथं?" तुम्ही म्हणायचात, "तुम्ही होत्या का?" चहा निवून जायचा.

विश्रामगृहातली बैठक आठवली की अजून हसू येतं, आणि अंगावर शहाराही येतो. दोन्ही राज्यांचे पाण्याचे साहेब आले होते, भिंतीवर नकाशे, गावांतर्फे मी एक खुर्ची धरून. तुम्ही मागे माईकच्या पेटीपाशी. पाणी किती अडवायचं, दारं कधी उघडायची, बुडालेल्या जमिनीचं काय, एकेका मुद्द्यावर सकाळ गेली. मग दोन्हीकडचे एकदमच बोलायला लागले आणि तुम्ही सगळे माईक बंद केलेत. नुसतेच हलणारे ओठ आणि वरचा पंखा. तुमच्यावर साहेब ओरडले. "शिट्टी मारत होता साहेब, भोंगा फुटला असता," असं तुम्ही अगदी पडेल चेहऱ्याने सांगितलंत. त्या शांततेत मला बोलायला जागा मिळाली. मी विचारलं, पाणी कोणाचं ते तुम्ही ठरवा, त्याला वर्षं लागू द्या. पण ते सोडता तेव्हा आम्हाला कोण सांगतं?

तिकडचे म्हणाले, आम्ही पत्र धाडतो. इकडचे म्हणाले, आम्हाला मिळतं, पण नंतर. दोघंही खरं बोलत होते. तिकडचा एक जाडसा, थकलेला साहेब चष्मा पुसत म्हणाला, "अम्मा, दो सरकार का एक भोंगा नहीं हो सकता. किसका बिजली, किसका आदमी, इसमें ही साल जाएगा. लेकिन दोनों गाँव मिल के माँगेंगे, तो दरवाजा खोलने से पहले मैं खुद फोन करवाऊँगा. दोनों किनारे पे." इकडच्या साहेबाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नंतर वर्षभराने दोन्ही राज्यांच्या करारनाम्यात त्याचं एक कलम झालं म्हणतात. मी ते वाचलं नाही. सुरुवात त्या मानेने झाली.

पण दोन्ही गावांनी मिळून मागायला आधी दोन्ही गावं बोलायला हवीत. मी जाणार नाही म्हटलं. माझ्या भावाला ज्यांनी शिव्या देऊन पाण्यात ओढलं त्यांच्या दारात मी बसणार नाही. तुम्ही गेलात. पाण्याला भिणारे तुम्ही, डोळे मिटून किती खेपा केल्यात! रेतीचे वेल आळीपाळीने लावायचं तुम्हीच ठरवून आणलंत. भोंगे तुम्ही दिलेत, दोन्ही काठांना एकच आवाज, दोन्ही भाषांत, म्हणजे कोणताही वाजला तरी दोघांना कळेल. प्रत्येक खेपेहून परत आलात की घाटावर उभे राहून म्हणायचात, "एकदा चला बाई पल्याड. मी सोबत आहो." मी मान वळवायचे. तुम्ही इतका हट्ट का धरता, हे मी कधी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट मी पाहिली होती, बोलले कधीच नाही. तेलुगूत तुम्ही सगळं नीट बोललात, नीळ्ळु वस्तुन्नायि, पाणी येतंय; आणि 'वर या'च्या जागी ओड्डुकु वच्चेयंडि, काठाला या, असं म्हणालात. साधा रंडि म्हणाला नाहीत. पल्याडचे तुम्हाला हसले असतील, हे काय हैदराबादी बोलणं म्हणून. मला माहीत होतं तुम्ही तो शब्द का टाळलात. मी दर वेळी भोंगा वाजला की त्या जागी श्वास धरून असायचे, आणि तो शब्द यायचा नाही, आणि मी श्वास सोडायचे. त्याबद्दल तुम्हाला धन्यवाद द्यायचे राहून गेले.

तुमच्या जाण्याबद्दल काय लिहू. लग्नाच्या मांडवात माईक तपासताना छातीत कळ आली म्हणतात. दवाखान्यात नेता नेता संपलं.

जनाबाईच्या त्या दुपारनंतर गावात दोन तट पडले. तुमचा आवाज काढा, पोरं दुपारची घाटावर जात नाहीत, असं काही जण म्हणाले. काही म्हणाले, हनीफभाऊच सांगतात म्हणून तर लोक ऐकतात. काही बाया मला गाठून हळूच सांगायच्या, की पाणी सुटलेलं नसतानाही दुपारी खाकरल्याचा आवाज येतो. मी हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी मी बांधावर एकटी असताना तो मलाही आला. खांबाकडे पाहिलं. भोंगा गप्प, त्यावर एक होला बसलेला. कोणी खाकरलं ते मला आजही सांगता येत नाही. मी पदर ओढून घेतला आणि "हो, चालली घरी" असं मोठ्याने म्हणाले. कोणाला म्हणाले, तुम्हीच समजा.

त्यातच शाहीनभाभी आल्या. तुमच्या मागची इद्दत, घराबाहेर न पडायचे दिवस, संपायची होती, तरी तुमच्या मुलाला घेऊन रिक्षाने आल्या, म्हणाल्या फक्त ऐकून जाते. पाणी सुटायचा फोन आलेला होता. त्या घाटाच्या दगडावर नदीकडे तोंड करून बसल्या. तुम्ही खाकरलात तशा त्यांनी दुपट्टा नीट केला, तुम्ही बाहेरून घरात येताना करत असतील तसा. दोन्ही काठांवरचे तुम्ही बोलून संपलात. पाणी आलं, त्यांच्या पायांखालच्या पायरीला लागलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, उनको अब सोने दो. मर के भी आदमी काम पे जाता क्या?"

मी म्हटलं, एक प्रत तुमच्यासाठी ठेवू?

"नको," त्या मराठीत म्हणाल्या. "ठेवली त मी रोज आयकन. मंग मी कधी उठन?"

म्हणजे नवा आवाज हवा. तो दोन्ही गावांचा हवा. पल्याडचे तयार नव्हते. निरोप आला, की हनीफचा आवाज आमच्या म्हशीसुद्धा ओळखतात, बदलू देणार नाही. पुन्हा दोन काठ, पुन्हा निरोप, पुन्हा अडलेलं. आणि मधे जाऊन डोळे मिटून डोंग्यात बसणारा माणूस उरला नव्हता. तेव्हा मी गेले, हनीफभाऊ. देवरावला सोबत घेतलं. तो डोंगा सुटल्यापासून खाली पाण्याकडेच पाहत होता. पाणी संथ होतं, खाली बुडालेले टरबुजांचे वेल दिसत होते, हिरवेच, हलणारे, जणू खाली कोणीतरी अजून त्यांना माती घालतंय.

घाटावर एक वयस्क माणूस उभा होता, कमरेला धोतर, डोळ्यांवर हात. मी उतरले तसा तो दोन पावलं मागे सरला. नंतर म्हणाला, "आप मारोती का अक्का?"

तो राजय्या. त्याच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या, डोळे चुरचुरत होते. त्याच्या सुनेने चहा दिला. मी तुमच्या आवाजाचं बोलायला सुरुवात केली तर त्याने हात वर केला.

"पहले वो बात. हनीफ बोला था, आप आएँगे तो मैं ही बोलना." तो जमिनीकडे बघत होता. "झूठ नहीं बोलूँगा. सुबह से गाली दिया. मैं ही. तुम्हारा भाषा का गाली, मुझे आता है. वो रेती मेरा बाप का था, तुम्हारा भाई उसपे बेल डाला. वो भी दिया, मैं भी दिया. फिर मैं ऊपर खड़ा, उधर मोड़ पे देखा, रेती काला हो रहा. तब बुलाया. रंडि, पैकि रंडि. हम सब बुलाया. वही मुँह, वही हाथ. उसको क्या मालूम, अब गाली नहीं है?"

देवराव भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला.

मी विचारलं, हनीफभाऊंना हे सगळं सांगितलं होतं?

"पहला दिन ही. मैं बोला, जाके उसको बोलो. वो बोला, बुलाया था, इतना मैं बोल सकता. गाली दिया, ये तू खुद बोल. वो तेरा है. मैं नाव आता देखा तो रोज खड़ा होता था. आप नहीं आता था."

तर तो तुमचा हट्ट होता. मला अर्धंच सांगितलंत, आणि उरलेलं अर्धं पल्याड माझ्यासाठी उभं होतं, दर डोंग्याला घाटावर येत होतं. वाद घालताना तुम्हाला ठाऊक होतं, की मीही खरी आहे. एकदाही म्हणाला नाहीत. मी तुमच्यावर चिडले. त्या अंगणात, त्या परक्या माणसासमोर, मेलेल्या माणसावर इतकी चिडले की मिरचीने डोळे गळताहेत असं भासवून तोंड पुसावं लागलं. माझं खरं निघालं, आणि त्याने माझ्या हाती काहीच आलं नाही. शिव्याही खऱ्या, हाकही खरी, आणि मधे माझा भाऊ हातात दगड घेऊन.

मी राजय्याला म्हटलं, नव्या आवाजात तेलुगू तू बोल.

तो उठूनच उभा राहिला. "नक्को. ये आवाज सुन के आदमी मरा."

"म्हणून तूच," मी म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. तेवढं कळत होतं, की दुसऱ्या कोणी ते म्हटलेलं मला चालणार नाही.

शाहीनभाभींचं म्हणणं मी पल्याडच्या बायांना सांगितलं, त्यानंतर म्हशींचं कोणी काढलं नाही.

तुमच्या मुलाने आवाज भरायची पेटी आणली. मराठी मी बोलले. माझा आवाज तुमच्यापुढे म्हणजे चिमणीचा, पण शाळेतला, त्यामुळे पोहोचतो. राजय्याने पेटीकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून हाक मारली. हात कशाला वर करतोस म्हणून कोणी विचारलं नाही. तो शब्द त्याने उच्चारायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मुलाने मग जुनं पुसलं. पुसताना त्याने तुम्हाला एकदाही वाजवलं नाही.

परवा पाणी सुटलं. मी मुद्दाम खाली डांगरवाडीत होते. ऊन, कोरं आभाळ, टिटव्या. भोंगा खरखरला. मी तुमच्या खाकरण्याची वाट पाहिली, ते आलं नाही. माझाच आवाज माझ्यावर ओरडला. त्यामागून राजय्याचा, आणि तो शब्द. माझे पाय रेतीत जिथल्या तिथे थिजले. आजूबाजूचे लोक टोपल्या उचलून चालू लागले, जनाबाईसुद्धा कुरकुरत निघाली, आणि मी तशीच. मारोती जिथे उभा असेल तिथे मी उभी होते आणि पलीकडून, पात्राच्या रुंदीएवढ्या अंतरावरून, शब्द फुटलेले असताना, ती हाक कशी ऐकू येते हे पहिल्यांदा कळलं. शिवीसारखीच येते, हनीफभाऊ. अगदी तशीच. माहीत असूनसुद्धा.

मग मी वर आले.

पाणी आलं, वेलांवर चढलं, दिवसभर वाहिलं. उन्हं कलताना ओसरलं आणि डोंगा चालण्याजोगं झालं. देवराव आणि मी घाटावर होतो. पल्याड राजय्या उभा होता, एवढासा, डोळ्यांवर हात धरून. त्याला आमच्याकडून काही हवं होतं असं नाही. नुसता उभा होता. मी उठले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मोठ्याने ओरडले. रंडि. या.

देवराव दचकून माझ्याकडे बघत राहिला. आवाज पाण्यावरून गेला, पल्याडच्या झाडोऱ्यावर आपटला आणि परत आला, तेव्हा तो माझा वाटत नव्हता. पल्याड बराच वेळ कोणी हललं नाही. त्याला काय ऐकू गेलं असेल, कोण जाणे.

मग त्याने वाकून डोंगा सोडला.